डिफचा गिअर दांड्यावरून निघत नाहीये? आधी ती पक्कड खाली ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी त्याला कळेल. रिमोट कंट्रोलचा १/१० साईजचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रक, रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर दोन दिवस मजबूत पळवला, घरी येऊन वरवर पुसला आणि कपाटात टाकला, दीड महिन्यानं काढला तर मागचा डिफ (डिफरन्शियल, दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) जाम. तुम्ही डिफ बाहेर काढलात, चार स्क्रू काढून क्राऊन म्हणजे बाहेरचा मोठा गिअर वेगळा केलात, मधले छोटे स्पायडर गिअर आणि त्यांची आडवी पिनही निघाली, पण आउटड्राइव्ह कपाच्या (डिफच्या बाहेरची वाटी, जिच्यात चाकाकडे जाणारा दांडा अडकतो) दांड्यावर बसलेला साईड गिअर काही केल्या निघत नाही. कप वाइसमध्ये धरून खेचला, गिअर पक्कडीनं ओढला, आणि शेवटी एक दात तुटला. शिवाय पुढच्या डिफच्या पिनियनचा (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, त्याचा की घालायचा खड्डा गोल होऊन बसलाय.

दात तुटला त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट एक बरं झालं, तो गिअर आता भंगारात जाणार हे ठरलं, त्यामुळे तो वाचवायची काळजी मिटली. आता वाचवायचाय तो दांडा आणि त्याच्या मागची केस, म्हणजे डिफचं वाटीसारखं कवच. हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं असतं कारण लोक एक गिअर वाचवायच्या नादात दांडा वाकवतात, केसला तडा देतात आणि मग अख्खा डिफ नवीन मागवतात.

मी बारा-तेरा वर्षं हे उद्योग करतोय, आधी स्वतःच्या गाड्या, मग मित्रांच्या, मग मित्रांनी पाठवलेल्या अनोळखी लोकांच्या. त्यात एक गोष्ट कळली, "अडकलेला" म्हणून जो गिअर येतो तो बहुतेक वेळा अडकलेला नसतोच, त्याला कशानं तरी धरून ठेवलेलं असतं आणि ते आपल्याला दिसत नसतं. पिन असते, ई-क्लिप म्हणजे दांड्याच्या खाचेत बसणारी छोटी क्लिप असते, ग्रब स्क्रू असतो, लॉकटाईट म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून लावतात तो गोंद असतो, गंज असतो, नाहीतर प्लास्टिक वितळून चिकटलेलं असतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की नुकसान. माझा स्वतःचा किस्सा सांगतो, सुरुवातीच्या काळात एका गाडीचा असाच गिअर तासभर ओढत बसलो होतो, लायटरनं गरम पण केला, शेवटी केसचं तोंड आंब्याच्या कोयीसारखं वाकडं झालं, आणि मग काळं ग्रीस पुसल्यावर दिसलं की दांड्याच्या टोकाला नखाएवढी ई-क्लिप बसलीये. ती काढल्यावर गिअर बोटानं निघाला, पण केस गेली ती गेलीच.

म्हणून पहिलं काम म्हणजे धुणं. आणि तुमच्या बाबतीत साधं गोडं पाणी आधी, रॉकेल नंतर. मीठ तेलात विरघळत नाही, ते पाण्यातच जातं, त्यामुळे खाऱ्या पाण्यातून आलेल्या डिफवर थेट डब्ल्यूडी-फॉर्टी मारला तर मीठ तिथंच राहतं आणि वरून तेलाचं पांघरूण. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, पाणी दोनदा बदला, झटकून हेअर ड्रायरनं वाळवा, आणि मग रॉकेलनं जुनं ग्रीस काढा. रत्नागिरीच्या बाजूच्या वाळूत ते काळे कण असतात ना, इल्मेनाइट वगैरे, ते जड आणि कडक असतात आणि ग्रीसमध्ये मिसळले की अक्षरशः पॉलिश पेपरचं काम करतात, ते सगळे निघेपर्यंत काही फिरवू नका.

आता बांधणी समजून घ्या, कारण तुमची चूक इथंच झालीये. या टाइपच्या डिफमध्ये कपाचा दांडा बाहेरून केसच्या मानेतून आत येतो. आत त्याच्यावर ओ-रिंग, मग एक पातळ वॉशर म्हणजे शिम, मग दांड्याला आडवं भोक असतं त्यातून साधारण २ एमएमची पिन, आणि त्या पिनवर गिअर वरून बसतो. गिअरच्या पाठीला खाच असते ती पिनवर बसते. म्हणजे पिन गिअरच्या खाली लपलेली असते, गिअर उचलल्याशिवाय ती दिसणार नाही, आणि पिन काढल्याशिवाय दांडा बाहेर येणार नाही. क्रम ठरलेला आहे, आधी गिअर आतल्या बाजूला म्हणजे डिफच्या मध्याकडे, मग पिन आडवी बाहेर, मग कप बाहेर.

तुम्ही कप वाइसमध्ये धरून बाहेर खेचलात तेव्हा ती पिन शिमवर जाऊन टेकली आणि शिम केसच्या तळावर, म्हणजे तुम्ही गिअरशी नाही तर केसशी भांडत होतात, कितीही जोर लावला तरी गिअर हलणारच नव्हता. आणि पक्कडीनं दाताला धरून ओढला की गिअर तिरका होतो आणि अजून घट्ट बसतो. फिरवून सुटा करायचा प्रयत्न तर बिलकुल नको, पिननं त्याला दांड्याशी बांधलंय, फिरवलं की पिन वाकते आणि मग खरंच अडकतो. स्वस्त गाड्यांतले हे गिअर बरेचदा पावडर दाबून भाजलेल्या धातूचे म्हणजे सिंटर्ड असतात, सरळ दाब सहन करतात पण आडव्या झटक्याला बिस्किटासारखे तुटतात, तुमचा दात तसाच गेलाय.

सगळ्याच गाड्या अशा नसतात हेही सांगून ठेवतो. काहींत गिअर आणि दांडा हा एकच तुकडा असतो आणि बाहेरचा कप आडव्या स्क्रू-पिननं लावलेला असतो, तिथं आतला गिअर जन्मभर ओढलात तरी येणार नाही, बाहेरची पिन काढायची. म्हणून टॉर्च मारून दांड्याचं टोक बघा. टोक गिअरच्या मधून वेगळं दिसतंय, दोघांमध्ये गोल रेघ दिसतीये, तर वेगळे तुकडे. रेघ नाही, तर एकच तुकडा. क्लिप दिसली तर आधी ती काढा, आणि काढताना डिफ प्लास्टिकच्या पिशवीत धरून काढा, कारण ई-क्लिप उडाली की ती पृथ्वीवर परत सापडत नाही.

पुढची टेस्ट, केस हातात घट्ट धरा आणि कप फिरवून बघा. कप आणि गिअर दोन्ही एकत्र फिरतायत तर गंज फक्त गिअर आणि दांड्याच्या मध्ये आहे, हे सोपं प्रकरण. कप फिरतच नाही तर दांडा केसच्या मानेतही धरलाय, मग आधी मान सोडवायची, गिअरच्या मागे लागायचं नाही. तुम्ही लिहिलंय की कप थोडा थोडा अडकत फिरतो, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे असं धरून चालू.

मानेसाठी कप वर करून डिफ उभा ठेवा, कप आणि केसच्या फटीत पेनिट्रेटिंग ऑईलचे चार थेंब, रात्रभर तसंच. सकाळी कप मागे-पुढे हलवा, पूर्ण फेरी मारायची घाई नको, पाच-दहा डिग्री इकडे, पाच-दहा तिकडे, परत थेंब. काळं-तांबडं पाणी बाहेर येईल ते पुसत राहा. डब्ल्यूडी-फॉर्टी चालेल का असं सगळे विचारतात. चालेल, पण त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे, गंजात शिरायला खास गंज सोडवायचा स्प्रे जास्त बरा, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. काही लोक ॲसिटोन आणि गिअर ऑईल मिसळून वापरतात, धातूवर ते चांगलं काम करतं पण ॲसिटोन एबीएसला आणि पॉलिकार्बोनेटला खातं, तुमची बॉडी आणि अर्धी चासी प्लास्टिकची आहे, आणि ते भडकतंही पटकन, सो मी तरी टाळतो.

आता गरम करण्याबद्दल, कारण इथं लोक हमखास चुकतात. गरम केलं की धातू फुगतो आणि सुटतो, बरोबर, पण गिअर स्टीलचा आणि दांडाही स्टीलचा, दोन्ही सारखंच गरम केलं तर दोन्ही सारखेच फुगणार, फायदा फारसा नाही. फायदा तेव्हा जेव्हा बाहेरचा तुकडा आतल्यापेक्षा जास्त गरम असेल. म्हणून लायटर नाही, हीट गन नाही, सोल्डरिंग आयर्न घ्या आणि त्याचं टोक फक्त गिअरला टेकवा, पाऊण ते एक मिनिट, आणि लगेच प्रयत्न करा, दांड्यापर्यंत गरमी पोचायच्या आत. थंड होताना तेलाचा थेंब द्या, आकसताना ते आत ओढलं जातं. दोन-तीन वेळा असं केलं की गंज बऱ्यापैकी मोडतो. केस प्लास्टिकची आहे हे विसरू नका, नायलॉन साधारण २२० डिग्रीला वितळतं आणि ॲसिटल नावाचं प्लास्टिक तर १६५-१७५ लाच, सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० च्या वर असतं. केसला चुकून टेकलं तर भोक, आणि ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड निघतो, डोळे चुरचुरतात, खिडकी उघडी ठेवा.

ज्यांची केस किंवा बल्कहेड म्हणजे डिफ बसवायची चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि त्यात बेअरिंग गंजून बसलंय त्यांचं गणित मात्र वेगळं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, १५ एमएमच्या बेअरिंगला ६० डिग्री तापमान वाढवलं तर साधारण एक शतांश मिलिमीटर जागा मिळते. ऐकायला काहीच नाही पण बेअरिंगच्या फिटिंगमध्ये तेवढंच हवं असतं. उकळतं पाणी ओता, टॉवेलनं धरा, लाकडावर आपटा, बेअरिंग आपोआप खाली पडतं.

परत तुमच्या गिअरकडे. त्याला खालून उचलायचंय आणि केस वाटीसारखी खोल आहे त्यामुळे सरळ स्क्रूड्रायव्हर नीट जात नाही. मी काय करतो, जुन्या १.५ एमएमच्या दोन एलन की (सहा कोनी वाकड्या चाव्या) घेतो, त्यांचं आखूड टोक ग्राइंडरवर घासून चपटं करतो, पातळ आकडे तयार होतात. आधी कप बाहेरून आत ढकला, जेवढा जाईल तेवढा, अर्धा-एक एमएम सरकेल, त्यानं गिअर तळापासून थोडा वर येतो आणि फट मिळते. त्या फटीत दोन्ही आकडे समोरासमोर अडकवा. केस लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, ठोकळ्याला कप लोंबेल एवढं भोक पाडलेलं हवं, खाली टेकता कामा नये. मग दुसऱ्या कुणाला तरी सांगा की दोन्ही आकडे सारखे वर खेचून धर, आणि तुम्ही दांड्याच्या टोकावर ४ एमएमचा बोल्ट उभा धरून त्याच्यावर छोट्या हातोडीनं टिचक्या द्या. टिचक्या म्हणतोय, घाव नाही. ओढ आणि धक्का एकाच वेळी मिळाला की गंजाची पकड तुटते. दांडा फार तर तो अर्धा-एक एमएमच खाली सरकेल, नंतर पिन तळाला टेकेल, पण तेवढं पुरतं, तिथून पुढे आकड्यांनी एकदा ह्या बाजूनं एकदा त्या बाजूनं उचलत गिअर वर येतो. घरी दुसरं कुणी नसेल तर आकडे केसच्या काठावर टेकवून तरफेसारखे दाबा, पण काठाखाली पत्र्याचा तुकडा घाला नाहीतर काठ चेपतो आणि पुढे तिथूनच ऑईल गळतं.

चार-पाच प्रयत्नांत नाही निघाला तर अजून जोर लावू नका, कापा. गिअर तसाही गेलाय. मिनी ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावून गिअरच्या दोन दातांमधून दांड्याच्या दिशेनं चीर द्या, दांड्याला टेकायच्या जरा आधी थांबा, त्या चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळा, गिअर तडकतो आणि सुटतो. गॉगल लावाच, ही डिस्क तुटून उडते. ओल्या फडक्यानं केसची आतली बाजू झाकून घ्या, ठिणग्या आणि लोखंडाचा चुरा प्लास्टिकमध्ये रुततो. ग्राइंडर नसेल तर कॉलनीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊ नका, त्यांची डिस्क ताटाएवढी, मोबाईल रिपेअरवाला किंवा सोनार बरा, त्यांच्याकडे छोटं मशीन असतं आणि हातही हलका असतो.

गिअर गेला की पिन दिसेल. ती हातानं निघाली तर उत्तम, नाहीतर वाटीच्या आत हातोडी चालत नाही. त्यासाठी एक जुगाड, पिन दोन्ही बाजूला थोडी बाहेर असते, एका बाजूच्या टोकावर एम३ चे दोन नट एकावर एक अडकवा आणि अरुंद तोंडाच्या पक्कडीचा एक जबडा नटावर, दुसरा पिनच्या समोरच्या टोकावर ठेवून दाबा. पिन नटाच्या भोकात सरकते, आता ती बाजू लांब झाली, धरून ओढा. पिन वाकलेली निघाली तर सरळ करून परत वापरू नका, त्या मापाची नीडल रोलर म्हणजे बारीक सळी, बेअरिंगच्या दुकानात मिळते, ती कडक असते आणि चांगली टिकते. २ एमएमच्या ड्रिल बिटचा मागचा तुकडा तोडून घालणारेही आहेत, एका रविवारपुरतं ठीक आहे, पण तो ठिसूळ असतो, तुटला की तुकडे दातांमध्ये जातात.

दांडा निघाला की काचेवर गडगडवून बघा, डगमगला तर वाकलाय. पिनचं भोक लांबट झालंय का बघा, ३एस म्हणजे तीन सेलची जोरदार बॅटरी लावणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास असतं, भोकाजवळ दांडा पिळला जातो आणि फुगतो, आणि मग गंज नसतानाही गिअर निघत नाही. तसं असेल तर बाजूनं बारीक कानस मारून फुगवटा काढायचा, गिअर निघतो, पण तो दांडा परत बसवायचा नाही. नुसता गंज असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात, ग्लासभर पाण्याला दोन चमचे, अर्धा तास, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, वाळवा, तेल लावा. रात्रभर ठेवू नका, कडक स्टीलला ॲसिड जास्त वेळ मानवत नाही.

आता तो पुढचा ग्रब स्क्रू. एम३ असेल तर त्याला १.५ एमएमची की लागते, आणि बहुतेक वेळा गाडीसोबत आलेली फुकटची मऊ की वापरल्यामुळेच तो गोल होतो. आधी सोल्डरिंग आयर्न ग्रब स्क्रूच्या खड्ड्यातच टेकवा, अर्धा ते एक मिनिट, निळं लॉकटाईट तेवढ्यानं मऊ पडतं. लाल असेल तर २५० डिग्रीच्या आसपास लागतं, जास्त वेळ द्या पण मागच्या बेअरिंगचं सील प्लास्टिकचं असतं ते बघून. मग टी-६ टॉर्क्स म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं बिट हलक्या हातानं ठोकून बसवा आणि गरम असतानाच फिरवा. हीच युक्ती डिफच्या स्क्रूंना चालते, २ एमएमच्या सहा कोनी खड्ड्याला टी-८, अडीचच्या खड्ड्याला टी-१०. जुन्या अमेरिकन गाड्यांत इंचाची मापं असतात, १/१६ इंचाची की म्हणजे १.५९ एमएम, तिथं १.५ ची घातली की लगेच गोल होतं, आणि उलट गोल झालेल्या १.५ मध्ये १/१६ ची ठोकली तर कधी कधी धरते. तामिया वगैरे जपानी गाड्यांचे स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी मापाचे असतात, आपला नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं खराब करतो. हेच काम मोटरच्या पिनियनवर करायचं असेल तर मोटर तापू देऊ नका, आतले निओडिमियम मॅग्नेट साधारण ८० डिग्रीच्या पुढं कमजोर पडायला लागतात.

जोडताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्राऊन उलट्या बाजूला बसवणं. डिफ दोन्ही बाजूंनी बसतो, पण उलटा बसला की ती चाकं उलटी फिरतात, मागची चाकं पुढं ढकलतायत आणि पुढची मागं ओढतायत असा प्रकार होतो आणि पाच सेकंदात पिनियन साफ. काढायच्या आधी फोटो काढला नसेल तर पुढच्या डिफकडे बघून ठरवा, आणि चाकं हवेत धरून हातानं फिरवून बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

ओ-रिंगा नवीन घाला, सिलिकॉन ग्रीस लावून. शिम विसरू नका, तुमची मागची शिम गंजून चिकटली असेल आणि तळाचाच भाग वाटत असेल, नखानं खरवडून बघा. मागच्या डिफला मी १०,००० घट्टपणाचं (cSt) सिलिकॉन ऑईल घालतो, आडवी पिन जेमतेम झाकेल एवढंच, दहा मिनिटं बुडबुडे वर येऊ द्यायचे, काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर फुगून गॅस्केटमधून बाहेर येतं. प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू आधी उलटे फिरवायचे, जुन्या आट्यात "टक" करून पडले की मग सुलटे आवळायचे, समोरासमोरच्या जोडीनं. लॉकटाईट फक्त धातूत धातू असेल तिथं, प्लास्टिकला लागलं तर काही प्लास्टिकं तडकतात.

आणि पुढचा डिफ त्याच वाळूत, त्याच पाण्यात होता, तो अजून फिरतोय म्हणून सोडून देऊ नका, पिनियन सुटला की लगे हाथ तोही उघडा. जोडून झाल्यावर पहिली बॅटरी अर्ध्या थ्रॉटलवर, दोन मिनिटांनी थांबवून डिफच्या घराला बोट लावून बघा. कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर शिम जास्त झालीये, एक काढा आणि परत बघा.